आठवी फेरी

आक्षीकर काकांनी आम्हाला दारातून कधी टाटा केला नाही.

साउथहॅम्प्टनला त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला होता, मी आणि श्रीकांतनी. श्रीकांत माझा नवरा, हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर, मी एका ऑफिसात टायपिस्ट. सव्वातीन वर्षं राहिलो. मी लंडनला निघाले की काका दारापर्यंत यायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि म्हणायचे, पोचलीस की फोन कर, मग टाटा. आणि खरंच तसंच. वॉटर्लूच्या फोनबॉक्समध्ये नाणं सारलं की पलीकडून आवाज, "पोचलीस? बरं. टाटा." खट्, फोन खाली. मला आधी वाटलं म्हातारा गंमत करतोय. मग वाटलं तऱ्हेवाईक आहे. खरं कारण कळलं तेव्हा वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

थांबा, बोटं पुढे पळतायत माझी. क्रमाने सांगते.

रूबेन आक्षीकर. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले मराठी ज्यू. अलिबागजवळच्या आक्षीचे. दाराच्या चौकटीवर एक छोटीशी तिरकी डबी ठोकलेली, येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायचे. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा. मासे नारळाच्या दुधात असे करायचे की श्रीकांत ड्यूटी बदलून घरी थांबायचा. लग्न केलं नव्हतं. लढाईच्या काळात नेव्हीत होते, मग इकडे आले, आणि आता धक्क्यावर टॅली क्लार्क. म्हणजे बोटीतून माल उतरला की पेटी पेटी मोजायची आणि कागदावर रेघ मारायची. बाकीचे क्लार्क पेटी क्रेनला लटकलेली दिसली की रेघ मारून मोकळे. काका पेटी जमिनीला टेकून दोर सुटेपर्यंत पेन्सिल उचलायचे नाहीत. धक्क्यावरचे गोरे त्यांना 'टेक्स हिज टाइम' म्हणायचे, आणि ते ऐकून काका मान हलवायचे, बरोबर म्हणून.

घरातही तेच. स्वयंपाकघराच्या दाराला सुतळीने एक लाल वही टांगलेली. दूधवाल्याला सांगणे, गॅसच्या माणसाला बोलावणे, आमच्या खोलीतला बल्ब. काम पुरं झालं की त्यावर एक आडवी रेघ. आम्ही राहायला आलो त्या दिवशी मी म्हटलं, काका, बेलशेजारी आमच्या नावाची चिठ्ठी लावू या ना. चिठ्ठी टाइप करून तयार होती माझ्याकडे, मी अशीच आहे. काका म्हणाले, तुमची शेवटची ट्रंक वर गेली का? नाही, ती उद्या येणार. "मग उद्या. आधी फेरी, मग रेघ." फेरी कसली, विचारलं, तर म्हणाले, कुठलीही.

शेजारी मिस्टर हॉब्स. फौजेत होते, उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात लढले होते आणि ते रोज एकदा सांगायचे. रविवारी कुंपणाच्या अलीकडे काका, पलीकडे हॉब्स, आणि विषय एकच, लढाई जिंकली कुणी, फौजेने की नेव्हीने. हॉब्स म्हणायचे, आम्ही वाळू तुडवत होतो तेव्हा तुम्ही बोटीवर कोको पीत होतात. काका म्हणायचे, वाळू तुडवायला पायात बूट होते ना, ते काय उंटावरून आले? बोटीवरून आले. फौज म्हणजे पाहुणे. आम्ही झाडून सारवून ठेवायचं, मग त्यांनी यायचं. हॉब्सनी एकदा विचारलं, बोटीवर तू नक्की काय करायचास? काका म्हणाले, झाडलोट. हॉब्स इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांना वाटलं डेक झाडायचे. काकांनी खुलासा केला नाही.

त्यांची बोट पाणसुरुंग काढणारी होती, हे मला नंतर कळलं.

हॉब्सचे वडील पहिल्या लढाईत फ्रान्समध्ये गेलेले. तिकडे त्यांची कबर आहे, हॉब्स दरवर्षी फुलं घेऊन जातात. एका नोव्हेंबरात ते निघाले तेव्हा काका कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. मी कपडे वाळत घालत होते. मला म्हणाले, "फौजेचा माणूस मेला की जागा राहते गो. नेव्हीचा मेला की नकाशावर ठिपका राहतो. आणि फौजेचा माणूस पाण्यात मेला तर जागाही नाही, ठिपकाही नाही." मी विचारलं, कोण? तर म्हणाले, चादर खाली लागतेय बघ.

मग ती सहल. आपल्या मराठी मंडळाची, खाडीकाठी. बटाटेवडे, थर्मास, वारा असा की साडी सांभाळू की वडा. तिथे पाण्यात लांब गेलेला एक जुना लाकडी धक्का होता. सगळे एकामागून एक त्यावर चढायला लागले, फोटोसाठी. मी मागून पळत आले, नेहमीप्रमाणे उशिरा, आणि पाऊल टाकणार तोच काकांनी माझं कोपर धरलं. असं धरलं की चार दिवस बोटं उमटलेली होती. "थांब. सात गेलेत."

मला वाटलं फळी कुजलीय. काकांचा चेहरा पांढरा पडला होता. मला मागे सारून ते स्वतः चढले, अगदी टोकापर्यंत गेले, परत आले. मग म्हणाले, जा. मी काही गेले नाही. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही.

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसून त्यांनी सांगितलं, खिडकीकडे बघत. काही पाणसुरुंग मोजतात. तळाशी पडून राहतात. वरून बोट गेली की आतलं चाक एक दात पुढे सरकतं. पहिली जाऊ देतात, दुसरी जाऊ देतात, तिसरी. जितक्यावर लावलेला असेल तितकी बोट आली की मग. म्हणून रस्ता एकदा झाडून भागत नाही, पुन्हा पुन्हा त्याच पाण्यातून जायचं. "सात बोटी सुखरूप गेल्या म्हणून सगळे टाळ्या वाजवतात. सात गेल्या हीच भीती असते." ब्रह्मदेशात एका नदीच्या तोंडाशी त्यांची बोट हेच करत होती. आणि ते सुरुंग शत्रूचे नव्हते. आपल्याच विमानांनी आधी टाकलेले, शत्रूची वाट बंद करायला. नंतर आपल्याच फौजेला त्या वाटेने आत जायचं होतं, आणि कुठला सुरुंग कितीवर लावलाय हे खाली बोटीवर कुणाला माहीत नव्हतं.

त्या नदीत नारायण गेला, एवढंच पुढे म्हणाले.

नारायण आक्षीचाच. दोघं एकाच दिवशी भरती व्हायला निघाले, नारायण मराठा पलटणीत, हे नेव्हीत, कारण नारायणला बोट लागायची. त्याची बायको सुभद्रा. नारायण गेला तेव्हा पदरात एक मुलगी, लीला. ही लीला मी पाहिलीय, लंडनजवळ स्टॅनमोरला नर्स होती. तिचे कागद काकांनीच इथून केले, ती आली तेव्हा धक्क्यावर हेच उभे. सुट्टीत यायची, काका काका करत घर डोक्यावर घ्यायची, वहीत मुद्दाम 'काकांचं लग्न करणे' असं लिहून ठेवायची. काका त्यावर रेघ मारायचे नाहीत आणि खोडायचेही नाहीत.

आणि दर नारळी पौर्णिमेला आक्षीहून पाकीट यायचं, सुभद्राबाईंची राखी. एका वर्षी पाकीट आलं तेव्हा मी समोर होते, मी लगेच बांधायला घेतली. काकांनी हात मागे घेतला. बिस्किटाचा एक डबा काढला, त्यात राखी ठेवली. डबा राख्यांनी भरलेला होता. खालच्या पार विटून गेलेल्या. एकही बांधलेली नव्हती.

"का हो काका?"

"अजून नाही," म्हणाले. त्यांच्या आईने नवस बोलला होता, पोरगा लढाईतून परत आला की एलियाहू हन्नबीचा मलिदा करीन. एलियाहू हन्नबी त्यांचा प्रेषित, आणि मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, साखर, नारळ, वेलची, वर फळं, आणि मग प्रार्थना. बेने इस्राएल लोक संकटातून सुटलं की करतात. काका परत आले, आईने पोहे काढले, तर यांनी करू दिला नाही. आई नवस न फेडता गेली. मी म्हटलं, पण तुम्ही आलात ना परत. तेव्हाही तेच उत्तर, अजून नाही.

मग एका वसंतात लीलाने आईला कायमचं इकडे आणायचं ठरवलं. ती नाचत होती, मी नाचत होते, काका खुर्चीत बसून होते. ती गेल्यावर वर आले. माझ्या दारात पहिल्यांदाच. म्हणाले, तुझ्या त्या मशीनवर मराठी पत्र करशील? पुण्याहून मी मराठी टाइपरायटर आणला होता, सासूबाईंनी चेष्टा केली होती की विलायतेत मराठी कुणाला टाइप करणार. सुभद्राबाईंना हाताचं अक्षर लागत नसे, छापील वाचता यायचं. हे तिने स्वतः वाचायला पाहिजे, काका म्हणाले, दुसऱ्या कुणाकडून वाचून घेण्यातलं नाही.

ते खिडकीपाशी उभं राहून सांगत गेले. मी जोरात टाइप करते, माझं बोट कधी अडत नाही. त्या दिवशी अडलं.

"चिरंजीव सुभद्रा हिस, रूबेनचा आशीर्वाद. बोटीवर माझं काम पाटीवर रेघा मारायचं. ह्या टोकाहून त्या टोकाला गेलो की एक फेरी, एक रेघ. आठ फेऱ्यांचा हुकूम होता. आठव्या फेरीला बोट नुसती वळली आणि मी रेघ मारली, आता होईलच म्हणून. उन्हाने कंटाळलो होतो. अर्ध्यात ओहोटी लागली, बोट मागे फिरवली. पाळी बदलली. नव्या साहेबाने पाटी बघितली, आठ रेघा. रस्ता साफ असं निशाण वर गेलं. पुसायला मी हात उचलला होता. पुसली असती तर मला शिक्षा झाली असती. पुसली नाही. पहाटे पलटणीची बोट आली. नारायण कठड्याशी होता. त्याने मला ओळखलं, हात हलवून टाटा केला. मीही केला. न झाडलेल्या अर्ध्या भागात त्यांची बोट गेली, तिथली आठवी."

मी वर बघितलं नाही. काका म्हणाले, लिही. "हे तू माझ्या घरात पाऊल ठेवायच्या आधी तुला कळलं पाहिजे. लीलालाही तूच सांग किंवा सांगू नको. यायचं की नाही ते मग तू ठरव."

तर एवढं होतं त्या पाकिटात. काकांना जगात दोनच माणसं होती, आणि ती दोन्ही त्यांनी त्या पाकिटात घालून चिकटवली.

आता माझा भाग. थोडाच आहे, पण आहे.

संध्याकाळी मी पाकीट घेऊन गेले तर पोस्ट बंद झालेलं, आणि परदेशाचं तिकीट माझ्याकडे नव्हतं. परत आले. काका स्वयंपाकघरातून म्हणाले, टाकलंस? मला वाटलं, उद्या सकाळी टाकतेच आहे, आता नाही म्हटलं की दहा प्रश्न. म्हटलं, हो काका. माझ्यासमोर त्यांनी वही उघडली, 'सुभद्रेला पत्र', त्यावर रेघ मारली. पाकीट मी रात्री टाइपरायटरच्या पेटीत ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरच्या तीन-चार पत्रांबरोबर ते टाकलं. म्हणजे मला वाटलं टाकलं.

दोन महिन्यांनी सुभद्राबाईंचं पत्र आलं, भाच्याकडून लिहून घेतलेलं. तिकीट काढलंय, सुएझ बंद म्हणून बोट आफ्रिकेला वळसा घालून येईल, आधी तुमच्याकडे जेवेन, मग लेकीच्या घरी. आक्षीची आमसुलं आणतेय. बाकी काही नाही. काकांनी ते उभ्याने वाचलं, बसून वाचलं, मग मला वाचायला दिलं.

"बघ," म्हणाले, "सगळं वाचून येतेय. त्याबद्दल एक अक्षर नाही. एवढी मोठी बाई."

त्यानंतर घरात एक वेगळाच माणूस राहायला आला. शीळ घालायचा. हॉब्सना सांगून टाकलं की लढाई फौजेनेच जिंकली, हॉब्स घाबरून विचारायला आले की याची तब्येत बरी आहे ना. बोटीच्या आदल्या दिवशी काकांनी डबा उघडून अगदी तळाची, सगळ्यात विटकी राखी काढून टेबलावर ठेवली, आणि सकाळी निघायच्या आधी परातीत पोहे भिजवले. बाजूला नारळ खवून ठेवला. मी चेष्टेने म्हटलं, काका, आधी फेरी, मग रेघ ना? बोट तर अजून लागायचीय.

"एकदा तरी आधी मारू दे गो," म्हणाले, आणि हसले. त्यांचे सगळे दात मी त्या दिवशी पाहिले.

ते गेले. मला सुभद्राबाईंच्या स्वागताचा एक कागद टाइप करायचा होता, दारावर लावायला. टाइपरायटरची पेटी उघडली, झाकणाच्या आतलं कापड एका कडेला सुटलेलं होतं, आणि त्यातून एका पाकिटाचा कोपरा दिसत होता. टायपात पत्ता. तिकीट नाही.

बस कुठली पकडली ते मला आठवत नाही. धक्क्यावर पोचले तेव्हा बोट लागलेली, शिडीवरून माणसं उतरत होती. लीला पुढे टाचा उंचावून बघत होती. काका मागे, नवा शर्ट, केस पाण्याने बसवलेले. मी पाकीट पुढे केलं.

काकांनी ते उलटं केलं, सुलटं केलं. तिकिटाच्या रिकाम्या जागेवरून अंगठा फिरवला.

"टाकलं म्हणालीस."

"हो."

"मी रेघ मारली," म्हणाले. माझ्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तर आज मी हे टाइप करत बसले नसते. पाकीट खिशात घातलं, आणि समोरून सुभद्राबाई आल्याच. लहानखुऱ्या, नऊवारीवर कुणाचा तरी मोठा कोट, आणि काकांना बघून इतक्या दुरून हसायला लागल्या. जवळ आल्यावर म्हणाल्या, "रूबेनदादा, किती म्हातारा झालास रे. राखी बांधतोस तरी का?"

काका म्हणाले, "सुभद्रा, घरी जायच्या आधी इथं जरा बस."

कस्टमच्या शेडबाहेर त्यांची ट्रंक आणून ठेवली होती. दोघं तिच्या बाजूच्या बाकावर बसली. लीला आणि मी लांब, तिने मला विचारलं, काका काय सांगतायत, आणि मी म्हटलं, मला काय माहीत. माझं ते दुसरं खोटं. ऐकू काहीच येत नव्हतं, क्रेनचा आवाज होता. पण दिसत होतं. ट्रंकेवर बोटीतली पांढरी खारट धूळ बसलेली होती. काका त्या धुळीत बोटाने रेघा ओढत होते, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, शांतपणे, एक, दोन, मी मोजल्या, सात. आठवी काढायला घेतली आणि बोट ट्रंकेच्या मध्यावर थांबलं. तिथेच राहिलं.

सुभद्राबाई त्या बोटाकडे बघत राहिल्या. खूप वेळ. मग पदराच्या टोकाने त्यांनी ट्रंकेची धूळ पुसली, सगळी, नीट, आपल्या घरातली वस्तू पुसावी तशी, आणि लीलाला हाक मारली. म्हणाल्या, स्टॅनमोरची गाडी किती वाजता आहे?

लीलाला काही कळेना. जेवण, काका, घर, ती म्हणत राहिली. बाई एकदाही आवाज न चढवता म्हणाल्या, दमलेय, तुझ्याकडेच जाऊ. काकांनी ट्रंक स्वतः उचलून गाडीत चढवली. प्लॅटफॉर्मवर हात पाठीमागे बांधून उभे राहिले आणि लीलाला म्हणाले, पोचलात की फोन करा. लीलाने आईकडे बघितलं. आई दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होती.

घरी आलो तेव्हा पोहे फुगून परातीबाहेर आले होते. काकांनी ते पक्ष्यांना टाकले. मग वही काढली आणि 'सुभद्रेला पत्र'वरची शाईची रेघ ब्लेडने खरवडत बसले. कागद फाटेपर्यंत. मी रडत माफी मागितली तर म्हणाले, "तुझी नव्हे ती रेघ. माझीच आहे."

फोन आला नाही. त्या रात्री नाही, त्या आठवड्यात नाही. लीलाही यायची थांबली, तिला काय सांगितलं गेलं मला कधी कळलं नाही. काकांनी आपली खुर्ची फोनच्या टेबलापाशी आणली आणि जेवणही तिथेच घ्यायला लागले.

श्रीकांतला क्रॉयडनला नोकरी लागली, आम्ही निघालो. काका दारापर्यंत आले, हात पाठीमागे. म्हणाले, पोचलीस की फोन कर. टॅक्सीतून मी मागे वळून बघितलं तर दार उघडंच होतं आणि दारात कुणी नव्हतं. ते फोनपाशी जाऊन बसले असणार. मी अजून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंतसुद्धा गेले नव्हते.

क्रॉयडनला पोचल्यावर सामान तसंच टाकून मी आधी फोन केला. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"पोचलीस का, सुभद्रा?"

मी म्हटलं, काका, मी कुंदा. पोचले आम्ही.

पलीकडून श्वास ऐकू येत होता.

"बरं," काका म्हणाले. "बरं झालं. टाटा."